आठ स्टोव्हची जप्ती

लातूर जिल्हा होऊन चौथे वर्ष चालू होते. जानेवारीतल्या एका बुधवारी सकाळी सव्वासात ते आठ या पाऊण तासात आमच्या घरमालकांनी आठही भाडेकरूंचे स्टोव्ह जप्त केले. कुणाची परवानगी घेतली नाही. स्टोव्ह ओसरीवर एका ओळीत मांडले गेले, प्रत्येकाच्या पंपाला खोलीच्या नंबराची चिठ्ठी बांधली गेली. त्या सकाळी एकाही खोलीत चहा झाला नाही. पाच नंबरची चिठ्ठी माझ्या स्टोव्हला होती.

खोल्या गंजगोलाई बाजारपेठेच्या मागे होत्या. चार इकडे, चार तिकडे, मध्ये शहाबादी फरशीचे अंगण, वर पत्रे. जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा झाला तशा कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर माणसे आली, आणि ज्याच्याकडे मोकळी जागा होती त्याने पत्रे टाकले. भाडेकरू बहुतेक बदलून आलेले नोकरदार. मी एका दैनिकाचा वार्ताहर होतो.

मालकांना सगळे अप्पा म्हणत. उदगीरकडचे लिंगायत, उंचीने बेताचे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात बाराही महिने खाकी शर्ट. शर्ट जमीन मोजणी खात्याचा होता. निजामाच्या राजवटीत ते खात्यात खलाशी म्हणून लागले आणि महाराष्ट्राच्या राजवटीत जमादार म्हणून निवृत्त झाले. मोजणीची साखळी ओढणे, तंबू ठोकणे, साहेबाच्या तंबूत उजेड आणि ऊब ठेवणे ही त्यांची कामे. नोकरीची निम्म्याहून अधिक वर्षे तंबूत गेली, असे ते सांगत. त्यांच्या बोलण्यात उर्दूही होती आणि कानडीही. आगीला त्यांच्याकडे दोन शब्द होते. ताब्यात असेल ती आग. ताब्यातून सुटली की बेंकी.

खोली देताना अप्पा गाव विचारीत, नोकरी विचारीत, आणि मग स्टोव्ह पेटवून दाखवायला सांगत. मी नवा स्टोव्ह घेऊन आलो होतो. अंगणात बसून मी टाकी काठोकाठ भरली, काकडा पेटवला आणि लगेच पंप मारायला सुरुवात केली. अप्पा शेजारी उकिडवे बसले होते.

"पंप कधी मारायचा?" त्यांनी विचारले.

"पेटल्यावर."

"काय पेटल्यावर?"

"स्टोव्ह."

"स्टोव्ह पेटत न्हाई. स्टोव्ह तापतो. तापला की तेलाची वाफ होती, ती पेटती. तुमी पेपरात बी असंच लिवता का?"

तोवर पिवळी ज्योत हातभर वर आली होती. अप्पांनी बाजूने हात घालून हवेची चावी सैल केली. फुस्स आवाज झाला आणि ज्योत खाली बसली. मी नापास झालो. पुढच्या रविवारी पुन्हा नापास झालो, कारण टाकी पुन्हा काठोकाठ भरली होती. तिसऱ्या रविवारी खोली मिळाली. मधले पंधरा दिवस मी बसस्टँडजवळच्या लॉजवर काढले.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. टाकी तीन बोटे रिकामी ठेवायची, कारण हवेलाही बसायला जागा लागते. तेल एका जागी भरायचे, स्टोव्ह दुसऱ्या जागी पेटवायचा, आणि मधल्या वाटेत हात पुसायचे. आधी वाटीत स्पिरिट जाळून बर्नर तापवायचा, निळी ज्योत धरेपर्यंत पंपाला हात लावायचा नाही. तोंडात कचरा अडकला तर पिन टोचायची, पण हवा सोडून. फुंकर मारून काहीही विझवायचे नाही. गरम स्टोव्हमध्ये तेल घालायचे नाही, भाजी अर्धी कच्ची राहिली तरी. "कच्ची भाजी खाऊन कोण मेलंय?" ते विचारीत. आणि भडकला तर पाणी नाही, ओले पोते. दुष्काळाचे ते दुसरे वर्ष होते. आंघोळीचे पाणी परातीत धरून त्यात कपडे धुतले जात, आणि कपड्यांचे पाणी पोत्यावर येई. आठ दारांशी आठ ओली पोती असत. संध्याकाळी अप्पा प्रत्येक पोत्याला हात लावून पाहत.

त्यांचे स्वतःचे तीन हीटर होते. निजाम सरकारने साहेबांच्या तंबूंसाठी विलायतेतून मागवलेले. पितळेची टाकी, बाजूला पंप, वर बर्नर, बर्नरवर लालबुंद होणारा जाळीचा टोप आणि मागे ऊब पुढे फेकणारा पत्र्याचा आरसा. टोप आणि आरसा काढला की त्याच बर्नरवर भांडे ठेवता येई. खात्याने भंगाराचा लिलाव केला तेव्हा अप्पांनी ते घेतले. चिंच आणि राखेने ते घासत. पंपाचा चामडी वायसर करडईच्या तेलात भिजवून ठेवत. करडईचेच तेल का, असे मी विचारले होते. साहेबाच्या पुस्तकात कुठले तरी विलायती तेल लिहिले होते आणि ते इकडे मिळत नव्हते, एवढाच खुलासा मिळाला.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिन्ही हीटर दहा मिनिटे पेटवायचे हा खात्याचा नियम होता. खाते सुटले तरी नियम सुटला नव्हता. मे महिन्यातला पहिला सोमवारही त्याला अपवाद नव्हता. भर उन्हाळ्यात सकाळी आठला अंगणात तीन हीटर लाल झालेले असत आणि अप्पा घाम पुसत त्यांच्यापुढे बसलेले असत. त्यांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणत. त्या ओसरीवरून ज्वारी निवडत बोलत.

"लोकांचे मालक उन्हाळ्यात पंखा आणतेत," त्या एकदा मला ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "आमच्या घरी शेकत बसतेत."

हीटर चालू असताना अप्पा बोलत नसत.

प्रत्येक खोलीच्या दारावर त्यांनी सुताराकडून चार बोटांची आडवी फट कापून घेतली होती. खिडकीला खालच्या बाजूला तशीच दुसरी. या फटी बुजवायच्या नाहीत, ही भाड्याची अट होती. हिवाळ्यात पत्र्याखाली थंडी उतरे आणि भाडेकरू फटीत वर्तमानपत्र कोंबत. सकाळी सहाला अप्पा काठी घेऊन फेरीला निघत आणि बाहेरून एकेक कागद उपसून काढत. उपसलेला कागद ते सरळ करून वाचत. बहुधा तो आमचाच अंक असे. एकदा त्यांनी माझ्या दारातून माझीच बातमी काढली आणि मला बोलावून सांगितले की, तुमचा पेपर फटीत चांगला बसतो, दुसऱ्या पेपरचा कागद पातळ आहे.

पेपर ते रोज वाचत, पण दोन-तीन ओळींच्या बातम्या आधी. त्या काळात आमच्या पानावर आठवड्याला एक तरी बातमी अशी असे की, स्टोव्हचा भडका उडून अमुक गावची विवाहिता गंभीर भाजली, भडक्याचे कारण समजू शकले नाही. या बातम्या मी लिहीत असे. सरकारी दवाखान्यातल्या पोलीस चौकीवर फोन करायचा, नाव, वय, गाव घ्यायचे. अप्पा तो अंक घेऊन माझ्या दारात येत आणि विचारीत, स्टोव्ह कोणता होता, पितळी का पत्र्याचा, हवेची चावी सैल होती का घट्ट, तेल कुठून आणले होते, दार उघडे होते का. मला यातले काही माहीत नसे.

"मग समजू शकलं न्हाई कसं म्हणता?" ते म्हणत. "इचारलं न्हाई म्हणा की."

एकदा ते म्हणाले की, बाई भाजते तेव्हा दर वेळी स्टोव्हचेच नाव येते, आणि स्टोव्हला जबानी देता येत नाही. त्या दिवसानंतर मी चौकीवर दोन प्रश्न जास्त विचारू लागलो. उत्तरे क्वचितच मिळाली.

फटींचा हट्ट कुठून आला, याच्या दोन हकिगती मी ऐकल्या आहेत. मोजणी खात्याच्या एका निवृत्त कारकुनाने सांगितले की, धर्माबादकडच्या एका कॅम्पात थंडीच्या दिवसांत दोन खलाशी हीटर लावून तंबूचे पडदे आतून बांधून झोपले आणि सकाळी उठले नाहीत. दुसऱ्या एकाच्या मते खलाशी एकच होता, तो वाचला, पण पुढे त्याची मान थरथरत असे. पडदे कुणी बांधले यावरही दोघांचे एकमत नव्हते. मी अप्पांना सरळ विचारले. ते म्हणाले, "तंबू बंद होता." मी दुसऱ्यांदा विचारले नाही.

पुढे सगळ्या खोल्यांत गॅस आला. अप्पांनी सिलिंडरला विरोध केला नाही, मात्र त्यावर त्यांचा विश्वासही बसला नाही. रॉकेल ते मलमलीतून दोनदा गाळत. जे डोळ्यांना दिसत नाही ते गाळायचे कसे, ही त्यांची शंका होती. गॅसच्या वेळीही त्यांनी नव्या भाडेकरूंना अंगणात शेगडी पेटवायला लावली. जिल्ह्याला तेव्हा पंधरावे वर्ष लागले होते. त्याच वर्षी ते वारले.

बुधवारच्या जप्तीला कारण होते ते मंगळवारचे.

त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीला पाण्याचा टँकर दोन दिवसांआड येई. रेशनचे रॉकेल दोन महिने आले नव्हते. मंगळवारी टँकर आला तेव्हा केबिनमागे निळे प्लॅस्टिकचे कॅन होते आणि क्लीनर रॉकेल विकत होता. आम्ही सगळ्यांनी घेतले. कुणी वास घेतला नाही. टँकरवर सरकारी योजनेची पाटी होती, त्यातले पाणी आम्ही पीत होतो, तेव्हा त्याच्यावर आलेले रॉकेलही सरकारीच असणार असे आठही बिऱ्हाडांनी गृहीत धरले. अप्पा त्या दिवशी चाकूरला नातलगाच्या लग्नाला गेले होते. ते मुक्कामाच्या गाडीने परतले तेव्हा सगळे झोपले होते.

तीन नंबरच्या खोलीत जिल्हा कचेरीतला एक कारकून राहत होता. गाव लोहा. वय सत्तावीस. त्याची बायको पहिलटकरीण होती आणि आठव्या महिन्यात माहेरी जायची होती. सातव्या महिन्यातच तिचे पोट दुखू लागले आणि मुलगी झाली. वजन एक किलो सहाशे ग्रॅम. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी घरी सोडले. सोडताना सांगितले की, हिला औषध नको, ऊब हवी. ऊब कमी पडली तर दूध ओढणार नाही, दूध ओढले नाही तर आणखी गार पडेल. हे वाक्य कारकून कुणीही विचारले की जसेच्या तसे म्हणून दाखवीत असे. विजेचा बल्ब लावून पाहिला, पण वीज दिवसातून सहा-सात तास नसे. मंगळवारी मुलीचे पाय गार लागत होते आणि ती सकाळपासून दोनदाच प्यायली होती.

बुधवारी सकाळी अप्पा काठी घेऊन फेरीला निघाले. एक आणि दोन नंबरच्या फटींतून कागद निघाले. तीन नंबरच्या फटीत कागद नव्हता, लुगड्याचे फडके होते, आत ठासून भरलेले. काठीने ते निघेना. अप्पांनी फटीशी नाक नेले. भाडेकरूच्या खोलीत ते हाक मारल्याशिवाय कधी जात नसत. त्या दिवशी त्यांनी हाक मारली नाही. दाराला खांदा लावला.

मी तोंड धुवायला बाहेर आलो होतो, त्यामुळे पुढचे मी पाहिले. अप्पा पेटता स्टोव्ह हातभर लांब धरून बाहेर आले, अंगणाच्या मधोमध ठेवून त्यांनी चावी सोडली. मग आत जाऊन बाळंतिणीला मुलीसह बाहेर आणून ओसरीवर मोकळ्या हवेत बसवले. अक्कांनी तिच्यावर घोंगडे टाकले. कारकून मागून धावत आला. पहाटे पाचपासून स्टोव्ह चालू होता, असे त्याने नंतर सांगितले. त्याचे डोके दुखत होते. जागरणाने दुखते आहे असे त्याला वाटत होते.

अप्पांनी स्टोव्ह गार होऊ दिला. मग टाकीतले चार थेंब तळहातावर घेतले आणि फुंकर मारली. तेल बघता बघता उडून गेले. त्यांनी गार पडलेला हात गालाला लावून पाहिला. माझ्याकडे वळून विचारले, तेल कुठले. मी सांगितले. सगळ्यांनी घेतले का. हो म्हणालो. त्यानंतर त्यांनी एक नंबरपासून सुरुवात केली. कुणाचा चहा उकळत होता, कुणाचे अंघोळीचे पाणी. कुणाशी वाद घातला नाही, कारणही दिले नाही. चावी सोडली, स्टोव्ह उचलला, कॅन उचलला. सहा नंबरचे शिक्षक कायद्याचे काही बोलले. अप्पा त्यांचा स्टोव्ह घेऊन गेले.

आठ वाजता अंगणात सगळे जमले होते. कारकून पुढे होता. त्याचा आवाज चढला होता.

"अप्पा, तुमी काय करून राहिले हे? लेकरू गार पडून राहिलं. डॉक्टरनं ऊब द्या म्हणून सांगितलं, आन् तुमी माझा स्टोव्ह उचलून आणता? तिला काही झालं तर कोण जबाबदार?"

अप्पांनी दोन फरशा अंगणाच्या टोकाला, सगळ्यांपासून लांब नेऊन ठेवल्या. एकीवर स्वतःच्या डब्यातले चमचाभर रॉकेल टाकले, दुसरीवर कॅनमधले. डबे आणि कॅन ओसरीच्या मागे पाठवले. मग लांब काठीच्या टोकाला काकडा बांधून पेटवला आणि पहिल्या फरशीजवळ नेला. काकडा रॉकेलला टेकला तरी ते धरेना. मग काठी दुसऱ्या फरशीकडे वळवली. काकडा अजून वीतभर लांब होता तेव्हाच फरशीवरून ज्वाळा उठली आणि काकड्याला भेटायला आली.

सहा नंबरच्या शिक्षकांच्या पत्नी आत गेल्या आणि जप्तीतून सुटलेला त्याच तेलाचा एक डबा स्वतः आणून ओसरीवर ठेवून गेल्या.

"पेट्रोल हाय ह्यात," अप्पा म्हणाले. "आन् नसतं तरी बंद खोलीत हीटर न्हाई, स्टोव्ह न्हाई. लेकराच्या खोलीत तर न्हाईच. आग हवा खाती. तुमच्याआधी ती लेकराची खाईल."

कारकून फरशीवर बसला. "मग मी काय करू?" तो म्हणाला. आवाज आता खाली आला होता. "तुमीच सांगा. मी काय करू?"

अप्पांनी मुलीच्या तळपायाला हाताची मागची बाजू लावून पाहिली. मग म्हणाले, "खोलीत आग जाणार न्हाई. ऊब जाईल."

मांजरा नदीच्या पात्रात त्या वर्षी पाणी नव्हते, वाळू पाहिजे तेवढी होती. मी आणि कारकून दोन सायकलींवर जाऊन चार पोती घेऊन आलो. तोवर अक्कांनी जुन्या तंबूच्या कापडाच्या वीतभर लांबीच्या बारा पिशव्या शिवल्या होत्या. अप्पांनी वाळू चाळली, उन्हात पसरली. हीटरचा टोप आणि आरसा काढून बर्नरवर लोखंडी कढई ठेवली. हीटर अंगणात, खोलीपासून दहा पावलांवर. कढईत वाळू तापवायची, पिशवीत भरून तोंड बांधायचे, पिशवी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरून वीसपर्यंत मोजायचे. चटका बसला तर थांबायचे. मग ती गोधडीच्या दोन घड्यांत गुंडाळून मुलीच्या दोन्ही बाजूंना आणि पायाशी ठेवायची, अंगाला लावायची नाही, तीन बोटे अंतर. मुलगी आईच्या छातीशी. फटी उघड्या.

एक पिशवी सव्वा तास ऊब धरी. दिवसाच्या पाळ्या लावल्या गेल्या. त्यांत कचेरीतले तिघे, शिक्षक, एक कंपाउंडर आणि मी. माझी पाळी दुपारी दोन ते चार होती. अप्पा पाळीवरच्या माणसाच्या मागे उभे राहत आणि पिशवी खोलीत जाण्याआधी त्याचे मनगट तपासत. मनगट लाल दिसले तर पिशवी परत कढईशेजारी ठेवली जाई. रात्र त्यांनी स्वतःकडे ठेवली. कंपाउंडरने रात्रीची पाळी मागितली तेव्हा अप्पांनी नाही म्हटले. झोपाळू माणसाच्या हाती हीटर देत नाहीत, हे त्यांनी दिलेले कारण. कंपाउंडर बावीस वर्षांचा होता. अप्पा सत्तरीला आले होते.

आठ बिऱ्हाडांचा स्वयंपाक तोवर उरलेल्या दोन हीटरांवर अंगणातच होत होता. अप्पांकडे गाळून ठेवलेल्या रॉकेलचे दोन डबे होते. पहिल्या दिवशी पिठले आणि भाकरी झाली, दुसऱ्या दिवशीही तेच झाले. पाचव्या दिवशी रेशनचे रॉकेल आले, अप्पांनी ते तळहातावर पाहिले, आणि स्टोव्ह ज्याचे त्याला परत दिले. देताना पुन्हा परीक्षा घेतली. मी पहिल्या फेरीत पास झालो. शिक्षक दुसऱ्या फेरीत. टँकरचा क्लीनर पुन्हा आला नाही. त्याच्यावर काही कारवाई झाली की नाही, हे मला शोधून काढता आले नाही.

मी या प्रकाराची बातमी लिहून पाठवली होती. भेसळीचे रॉकेल, आठ बिऱ्हाडे, वेळीच लक्षात आल्याने अनर्थ टळला. वृत्तसंपादकांनी फोनवर विचारले, भडका झाला का. नाही. कुणी भाजले का. नाही. मग बातमी कशाची, असे ते म्हणाले. मी हे अप्पांना सांगितले तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्यासमोर हसले. "बरोबर हाय त्यांचं," ते म्हणाले. "न्हाई पेटला, त्यात काय लिवणार?"

नवव्या दिवशी मुलगी दूध ओढेना. सकाळपासून दुपारपर्यंत तिने तोंड लावले नाही. अंग गार नव्हते, पण ती सुस्त होती. डॉक्टर येऊन गेले. वाटी-चमच्याने पाजायला सांगितले, चमच्याचे प्रमाण ठरवून दिले, आणि ऊब चालू ठेवा म्हणाले. माझ्या पाळीत अप्पा मनगट पाहायला आले नाहीत. ते तीन नंबरच्या दाराबाहेर भिंतीला टेकून बसले होते. आत चमचा वाटीला लागल्याचा आवाज येई. तो आवाज आला की ते बोट दुमडत. चार वाजता त्यांची आठ बोटे दुमडलेली होती. कारकुनाने दारात येऊन सांगितले की, आठ चमचे पोटात गेले, उलटी नाही.

"आता पिशवी बदला," अप्पा म्हणाले. "सव्वा तास होऊन गेला."

अक्कांनी त्या दिवसांत एकदाच तक्रार केली. तक्रार अशी की, यांना स्वतःची दोन पोरे झाली तेव्हा हे कॅम्पात होते, एकाही पोराला यांनी हातात धरले नाही, आणि आता लोह्याच्या पोरीचे चमचे बोटांवर मोजत बसलेत. हे त्यांनी बाळंतिणीजवळ सांगितले. बाळंतिणीने ते मला बऱ्याच वर्षांनंतर नांदेडला भेट झाली तेव्हा सांगितले. तिच्या मते अक्का हे सांगताना रागावलेल्या नव्हत्या.

एकोणीस दिवस वाळू तापली. विसाव्या दिवशी, सोमवारी सकाळी साडेदहाला, मुलीला वजनासाठी नेले. कारकून, त्याची बायको आणि अक्का रिक्षाने गेले. मी सायकलने मागोमाग गेलो. डॉक्टरांनी दुपटे काढून मुलीला काट्यावर ठेवले, ती रडली, काटा हलत राहिला. ती शांत होईपर्यंत डॉक्टर थांबले. वजन दोन किलो वीस ग्रॅम भरले. डॉक्टरांनी ते कागदावर लिहिले आणि सांगितले की, आता पिशव्यांची गरज नाही.

आम्ही बाराच्या सुमारास परत आलो. अंगणात हीटर विझलेला होता, चावी सैल होती, कढई उपडी घातलेली होती. अप्पा ओसरीवर खाकी शर्टातच भिंतीकडे तोंड करून झोपले होते. कारकून कागद हातात घेऊन पायरीशी उभा राहिला. उठवावे की नाही यावर थोडी कुजबुज झाली. अक्का नको म्हणाल्या.

दोन किलो वीस ग्रॅम हे त्यांना दुपारी साडेचार वाजता सांगण्यात आले.